बंबाशेजारचं तेल

सूनबाई कामावरून घरी आली की सासूबाई आधी नाक पुढे करायच्या आणि मग दार पूर्ण उघडायच्या. "आज धूर जरा कमी आहे," असं म्हणायच्या, नाही तर, "आज अख्खी वखार जळाली वाटतं." सूनबाई हसून चपला बाहेर काढायची आणि थेट मोरीत शिरायची. साबण लावून लावून बोटं सुरकुतायची, पण वास हटायचा नाही. आपली सून रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे हे सासूबाईंनी गल्लीत घरोघर सांगितलं होतं. तिच्या अंगाला भट्टीचा वास येतो, हे मात्र गल्लीनं आपलं आपण शोधून काढलं.

आता ही बाई करते तरी काय, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मध्येच विचारायला नको. नदीकाठी कागदाचा कारखाना आहे. लाकूड शिजवून त्यातले धागे कागदासाठी काढून घेतले की मागे काळंकुट्ट पाणी उरतं. त्या पाण्यात लिग्निन असतं. लिग्निन म्हणजे झाडाच्या अंगातला चिकट डिंकच म्हणा. तो धाग्याला धागा धरून ठेवतो म्हणून झाड ताठ उभं राहतं. कागदवाल्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही, ते आपले सगळं जाळून मोकळे होतात. सूनबाईचं म्हणणं असं, की जाळता कशाला, त्याचं तेल करू. कारखान्यानं तिला मागच्या अंगाला एक शेड दिली, एक भट्टी दिली आणि एक माणूस दिला. तो माणूस दिवसभरात चार शब्द बोलला तर पुष्कळ, म्हणून सगळे त्याला 'रेडिओ' म्हणायचे.

तेल काढणं तसं अवघड नव्हतं. काळ्या पाण्यात आम्ल घातलं की लिग्निन फाटून खाली बसतं. ते गाळायचं, धुवायचं, वाळवायचं. त्याची तपकिरी पूड होते. ती पूड तापलेल्या वाळूत सोडायची, पण हवेचा एक कण लागू द्यायचा नाही. हवा नाही म्हटल्यावर बिचारी पेटणार कशी? तिची वाफ होते, आणि वाफ झटक्यात गार केली की नळीतून काळपट तेल ठिबकायला लागतं. पहिल्यांदा तेल ठिबकलं तेव्हा रेडिओसुद्धा म्हणाला, "आलं." दिवसाचा पाव कोटा त्यानं त्यात खर्च केला.

पण आलं ते तेल कसलं, नुसतं तेलाचं सोंग. आंबट इतकं की लोखंड खायचं. पोटात पाणी धरून बसायचं. आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे ते नुसतं ठेवलं तरी घट्ट व्हायचं. आतले कण एकमेकांना धरत सुटायचे, आणि आज पातळ असलेलं तेल थोड्या दिवसांनी काकवीसारखं आणि पुढे डांबरासारखं होऊन बसायचं. त्यात ऊब मिळाली की विचारूच नका, महिन्यांचं काम दिवसांत. म्हणून सूनबाई तेलाच्या बाटल्या कायम गार, अंधाऱ्या जागी ठेवायची.

सूनबाईचा नवरा नदीवरच्या फेरीबोटीचा इंजिनवाला. त्याचं इंजिन जुनं, पण त्यानं असं ठेवलेलं की त्यात तोंड पाहावं. मागच्या वर्षी बायकोच्या प्रेमापोटी त्यानं ते तेल डिझेलमध्ये मिसळून बोटीतल्या पाणी उपसायच्या छोट्या पंपात घालून पाहिलं होतं. पहिले काही दिवस पंप छान चालला. नंतर एका सकाळी खोकला, फुरफुरला आणि गप्प झाला. इंजिनवाल्यानं तो उघडला तर आत सगळा चिकटा. तो दोन दिवस चाकूनं खरवडत बसला. बायकोला एका शब्दानं बोलला नाही. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि याच्यापुढे तर आता ताकाचं नावही काढायची सोय उरली नाही.

सूनबाईच्या मनाला ते फार लागलं. नवरा ओरडला असता तर ती चार शब्द उलट बोलून मोकळी झाली असती. तो गप्प राहिला, म्हणून तिला रात्रंदिवस तेच दिसायचं.

ती हात धुऊन त्या तेलाच्या मागे लागली. तेल सुधारायचं म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढायचा. सगळा खोडसाळपणा त्याचाच. त्यासाठी तेल हायड्रोजनच्या दाबाखाली, कॅटॅलिस्टच्या गोळ्या भरलेल्या नळीतून सोडायचं. मग ऑक्सिजन पाणी होऊन बाहेर पडतो आणि मागे शहाणं तेल उरतं. पुस्तकात असं लिहिलेलं. तिनं नळी चांगली लालबुंद तापवून तेल सोडलं, तर तेलाचा तिथल्या तिथे कोळसा झाला आणि नळी बुजली. छिन्नीनं नळी मोकळी करता करता रेडिओ म्हणाला, "घाई." कोणाची, ते त्यानं सांगितलं नाही, पण ते दोघांनाही कळलं.

मग तिला सुचलं, की हे दोन टप्प्यांत करू. भडकलेल्या माणसाला आधी प्यायला पाणी देतात, खाली बसवतात, सुनवायचं ते नंतर सुनवतात. पहिल्या नळीत मंद आचेवर तेलाला नुसतं शांत करायचं, आणि शांत झालं की मग दुसऱ्या नळीत पूर्ण ताव. सुरुवातीला काही बाटल्या टिकल्या, काही घट्ट झाल्या. तिनं पहिला टप्पा आणखी लांबवला, आणखी मंद केला. शेवटच्या घाण्याला आलेलं तेल पाहून ती कितीतरी वेळ उभीच राहिली. कोऱ्या चहासारखा रंग, धूर नाही, आंबटपणा नाही. पण ते टिकेल का, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

नेमका त्याच आठवड्यात मॅनेजर शेडमध्ये आला. हा माणूस एरवी उंटावरून शेळ्या हाकणारा, शेडची पायरीसुद्धा कधी चढला नव्हता. नाकाला रुमाल लावून म्हणाला, "मॅडम, तुमचं तेल वापरणारं एक तरी इंजिन मला दाखवा. थंडी संपेपर्यंत थांबतो. नाही तर भट्टी काढून इथे कागदाचं गोदाम करतो." सूनबाई "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? गावात तिच्या ओळखीचं इंजिन एकच, आणि त्याच्या मालकाचं तोंड एकदा पोळलेलं.

संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला. इंजिनवाल्यानं घास संपवला, पाणी प्यायला आणि मग बोलला. "बोटीत कुठलं तेल घालायचं ते फेरीच्या साहेबांनी माझ्यावर सोपवलंय. मी हो म्हटलं तर हो. पण मी तेल नवं असताना बघणार नाही. नवं तेल सगळंच गुणी असतं. एक डबा घरात ठेव, पत्र्याच्या डब्यात, कारण माझी टाकी पत्र्याची आहे. थंडी सरली की मी तो डबा मलमलच्या फडक्यातून गाळीन. फडक्यावर चिकट गाळाची खळ राहिली, तर तुझं तेल माझ्या बोटीच्या आसपास नको. आणि नाही राहिली तर पुढचं बोलू."

"चालेल," सूनबाई म्हणाली. तिनं दुसऱ्याच दिवशी डबा आणला, मागच्या खोलीत गार फरशीवर, खिडकीपासून लांब कोपऱ्यात ठेवला आणि सासूबाईंना बजावलं, "आई, याला हात लावायचा नाही हं."

"मी कशाला लावू?" सासूबाई म्हणाल्या.

शेवटच्या घाण्याचं तेल तेवढंच होतं. नवं केलं असतं तरी ते थंडीभर मुरवायला दुसरी थंडी आणायची कुठून? त्यामुळे शेड राहणार का जाणार, ते सगळं त्या एका डब्यात होतं. थंडी पडली, आणि त्या वर्षी अशी पडली की नळाच्या पाण्यानं हात बधिर व्हायचे. सूनबाई रोज कामावर जाताना डब्याकडे एक नजर टाकायची आणि आल्यावर आणखी एक. डबा आपला जागच्या जागी, मुकाट. तिचा जीव टांगणीला लागलेला, पण दाखवायची नाही.

थंडी ओसरली. सुट्टीच्या दिवशी सकाळी इंजिनवाल्यानं धुतलेलं पांढरं मलमलचं फडकं काढलं, बादलीला ताणून बांधलं आणि म्हणाला, "आण." सूनबाई मागच्या खोलीत गेली, तर कोपऱ्यात डबा नाही. फरशीवर नुसता गोल डाग.

मागून ढलप्या तडतडल्याचा आवाज आला. ती धावत न्हाणीघरात गेली. तिथे पाण्याचा बंब रसरसून पेटलेला, आणि त्याच्या पोटाला अगदी टेकून तिचा डबा. शेजारी पाटावर सासूबाई, आगीत ढलप्या सारत बसलेल्या.

"आई, हे काय? अहो, तेल आहे ते, पेटतं."

"झाकण घट्ट आहे. मी काय खुळी आहे?" सासूबाई म्हणाल्या. सापडल्याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर येऊन गेली, मग त्या कौतुकानं सांगायला लागल्या. "त्या दिवशी तो जेवताना म्हणाला ना, खळ राहिली तर नको म्हणून? मी ऐकत होते. अगं, थंडीत खोबरेल गोठतं, तूप थिजतं, तुझं तेल काय निराळं? गार फरशीवर ठेवलंस तू, तेही ऐन थंडीत. म्हटलं, ही पोर शिकली खूप, पण तेलाचं हिला काही कळत नाही. रोज तू कामावर गेलीस की बंब पेटवायचा आणि डबा त्याला लावून ठेवायचा. तू यायच्या आत परत कोपऱ्यात. एक दिवस चुकवला नाही. आज परीक्षा, म्हणून पहाटेपासून ठेवलाय."

"मी हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"हात कुठे लावला? फडक्यानं धरून न्यायची."

सूनबाईनं डब्याला बोट लावलं आणि मागे घेतलं, इतका तो तापला होता. थंडीभर, रोज तापवायचा, रोज गार करायचा. शेडमध्ये भट्टीशेजारी राहिलेल्या बाटल्यांचं काय होतं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. क्षणभर तिला सासूबाईंचा असा राग आला की तोंडाशी आलेले शब्द तिचे तिलाच ऐकू आले. मग तिनं त्यांच्याकडे पाहिलं. धुरानं डोळे लाल झालेले, पदराला काजळी लागलेली, आणि एवढ्या थंडीत सूनबाईसाठी रोज उठून बंब पेटवल्याचं समाधान चेहऱ्यावर मावत नव्हतं. ज्या बाईनं जन्मभर लाकडाची एक ढलपी वाया जाऊ दिली नाही, तिनं महिनोन्‌महिने नुसताच बंब जाळला होता.

नवऱ्याला सांगावं का? तो सरळ माणूस. "ही परीक्षा धरायची नाही," असं तो लगेच म्हणाला असता. पण मग सासूबाईंना का ते सांगावं लागलं असतं, आणि मॅनेजर काही दुसऱ्या थंडीची वाट पाहणार नव्हता. शेड तशीही जाणार होतीच. मग जाता जाता या बाईचं मन कशाला मोडायचं? सूनबाईनं फडक्यानं डबा उचलला आणि म्हणाली, "चला. वाट बघताहेत."

"झाली का नाही मदत?" सासूबाईंनी मागून विचारलं.

"झाली, आई."

इंजिनवाल्यानं डबा हातात घेतला, गरम लागला म्हणून भुवया वर केल्या, पण उन्हात ठेवला असेल असं समजून बाजूला ठेवला. तो थांबला. डबा पार गार होऊ दिला. गरम तेल कोणाचंही पातळ दिसतं, हे त्याला काय कोणी शिकवायला हवं? तेवढ्या वेळात सूनबाईनं घरातली सगळी भांडी घासून काढली, स्वच्छ होती ती सुद्धा.

मग त्यानं झाकण काढलं आणि डबा हळूहळू तिरका केला. सूनबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला बघवत नव्हतं आणि नजरही हलवता येत नव्हती. पहिली धार आली. बारीक, अखंड, कुठे न तुटणारी. ती मलमलवर पडली आणि पडताक्षणी खाली उतरली. तो ओतत राहिला. धार संपत आली तसा त्याचा हात आणखी सावकाश झाला, कारण खळ असते ती तळाशी. शेवटचे थेंब टपटपले. त्यानं डब्यात बॅटरी मारून पाहिलं, बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग बादलीवरचं फडकं सोडलं आणि उजेडात ताणून धरलं. फडकं पिवळसर ओलं झालं होतं. त्याच्यावर दुसरं काही नव्हतं.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला.

सूनबाई उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. साधंसुधं नाही, हुंदके देऊन.

"अगं, पास झालं की. रडतेस काय?"

"आई डबा रोज बंबाला लावून ठेवत होत्या," ती म्हणाली. लपवायचं ठरवलेलं सगळं रडण्याबरोबर बाहेर आलं. "थंडीभर. रोज. मला आत्ता सकाळी कळलं."

इंजिनवाल्यानं आईकडे पाहिलं. "रोज?"

"त्यात एवढं काय झालं?" सासूबाई म्हणाल्या.

"आई," सूनबाई म्हणाली, "हे तेल थंडीनं घट्ट होत नाही. उबेनं होतं. जितकं तापवाल तितकं लवकर बिघडतं."

 सासूबाई अशा गप्प झाल्या की रेडिओलाही जमलं नसतं. मग हळूच त्यांनी विचारलं, "म्हणजे मी थंडीभर त्याचं वाटोळं करत होते?"

"हो," सूनबाई डोळे पुसत म्हणाली.

"आणि तुला सकाळीच कळलं. मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? माझ्यासाठीच करत होतात ना."

सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. सूनबाईला वाटलं आता या रडणार, पण सासूबाई त्या सासूबाईच. जरा वेळानं त्यांनी पदर काढला आणि म्हणाल्या, "म्हणजे मी इतकं छळलं तरी ते नासलं नाही. मग चांगलंच असणार."

इंजिनवाला फडक्याची घडी घालत होता. "शेडमधल्या तुझ्या बाटल्यांवर माझा विश्वास नव्हता," तो बायकोला म्हणाला. "पण आमच्या बंबाची आच मला माहीत आहे. लहानपणी पाठ भाजून घेतली आहे मी त्याच्यावर."

पुढच्या आठवड्यात बोट देखभालीसाठी एक दिवस बंद होती तेव्हा त्यांनी फेरी काढली. उतारू नव्हते. सुकाणूवर सारंग, खाली इंजिनवाला, आणि वर बाकांवर सूनबाई, सासूबाई आणि रेडिओ. मॅनेजरलाही बोलावलं होतं. तो रुमाल घेऊन आला होता, पण रुमालाचं काम पडेना म्हणून तो खिशात परत गेला. टाकीत डिझेलमध्ये तेल मिसळलेलं होतं.

खाली इंजिन सुरू झालं. सूनबाईनं बाकाची कड घट्ट धरली. पंपसुद्धा पहिल्यांदा छान चालला होता, हे तिच्या डोक्यातून जाईना. बोटीनं धक्का सोडला. पाणी मागे सरकायला लागलं. इंजिनाचा आवाज तिला ऐकून ऐकून पाठ होता, घरी नवरा घोरतो तो कळावा तसा. ती कान लावून बसली. कुठे एक खोकला येईल, एक फुरफुर येईल, आणि खालून तो ओरडेल, अशी ती प्रत्येक क्षणाला तयारी करत होती. आवाज येत राहिला. तोच, एकसारखा.

अर्धी नदी ओलांडली तेव्हा लोखंडी शिडीवर पावलं वाजली. इंजिनवाला वर आला. हातातल्या चिंध्यांनी त्यानं बोटं पुसली आणि वाऱ्यात जरा उभा राहिला.

सूनबाई ताडकन उठली. "काय झालं?"

"काही नाही."

सारंग सुकाणूवरून वळून बघायला लागला. त्याची आणि याची किती वर्षांची जोडी, पण बोट पाण्यात असताना हा माणूस इंजिन सोडून वर आलेला त्यानं कधी पाहिला नव्हता. पाऊस असो, वादळ असो, स्वतःला ताप असो, हा खाली असायचा. जेवणाचा डबासुद्धा त्याला दोरीनं सोडायचे.

"अरे, खाली कोण आहे मग?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणी नाही."

"आणि इंजिन?"

"चाललंय की," तो म्हणाला. मग तो बायकोशेजारी बाकावर बसला, पाय लांब केले आणि पलीकडचा काठ बघू लागला. इतकी वर्षं या नदीवर काढली, पण तो काठ जवळ येताना त्यानं कधी पाहिला नव्हता. सूनबाईही हळूच खाली बसली. धक्का येईपर्यंत दोघं तिथेच बसून होती.